सरवडीचा खालचा डोह

दोन महिने खडी फोडून झाल्यावर एका दुपारी जनकाबाईच्या मनात आलं, की आपण हा जो रस्ता करून राहिलो, तो जातो तरी कुठं? गोरेगावकडून निघालेला तो रस्ता बोरसावंगीच्या माळावर येऊन थांबत होता. पुढं नुसती बोडकी बरड. त्र्याहत्तर साल लागलं होतं. पावसानं तोंड फिरवलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि सरकारनं दुष्काळी काम काढलं म्हणून गाव तगून होतं. सकाळी मस्टरवर हजेरी लावायची, दिवसभर हातोडा चालवायचा, दुपारच्या सुट्टीत ओंजळभर सुकडी, सरकारी गोड पिठाची, पदरात घ्यायची, असा दिवस जायचा.

जनकाबाई बायकांच्या टोळीची मुकादम होती. वय चाळिशीचं. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, घरात आंधळा सासरा. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती सही करायला शिकली होती, आणि ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर बौद्धवाड्यातून तिचं नाव गेलं होतं. तिला अक्षर जुळवून वाचता यायचं, पण हातानं लिहिलेलं, घाईचं अक्षर असलं की ती अडायची. हे ती कुणाला सांगत नसे.

त्या दुपारी सरपंच अमृतराव मस्टर तपासायला आले होते. जनकाबाई उठून त्यांच्यापुढं गेली आणि म्हणाली, "दादा, टोपलं उचलायचंच हाय, तर मग माळावरचं काहून? नदीतलं उचलू."

अमृतरावांनी मस्टर मिटलं. साठ एकरांचा मालक, पण नेसूला कायम मळकं धोतर आणि पायात शिवून घेतलेल्या वाहणा. बोलण्याआधी समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. खाली माळाच्या उताराकडं ते बघत राहिले. तिथं सरवडी नदी होती. म्हणजे होती असं म्हणायचं. बेशरमीची दाटी, बाभळी आणि मधून गुरांनी पाडलेली एक वाट.

"उद्या हिंगोलीला चलता का?" ते म्हणाले.

दोघं हिंगोलीला तीन वेळा गेले. तिथल्या दुष्काळी कामाच्या साहेबाला पटेना. नदीतला गाळ काढणं कुठल्या कामात बसतं, हेच त्याला कळत नव्हतं. अमृतराव कागद दाखवायचे, आणि साहेबानं कागद बाजूला सारला की जनकाबाई बोलायची. तिसऱ्या खेपेला साहेबानं बांध दुरुस्ती आणि नाला रुंदी या नावाखाली काम बसवून दिलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये अमृतराव म्हणाले, की एकट्यानं हे माझ्याच्यानं झालं नसतं. जनकाबाईनं ते बोलणं पुष्कळ दिवस मनात जपून ठेवलं होतं.

सरवडी आधी कशी होती हे गावात नीट सांगू शकेल असा माणूस एकच उरला होता, जनकाबाईचा सासरा सोनाजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून त्याला दहा वर्षं झाली होती. त्याच्या लहानपणी नदी शिमग्यापर्यंत वाहायची. वीस बैलगाड्या ओळीनं उभ्या राहतील एवढं तिचं पात्र. निजामाच्या अमदानीत कुणी जहागीरदारानं तिच्यावर चिऱ्यांचा एक बुटका बांध घातला होता, त्याच्यामागं पाणी थोपून राहायचं. मग लढाईच्या सालांत डोंगरावरची झाडं तुटून कोळशाला गेली. डोंगराची माती खाली आली. बांध फुटला, तो कुणी बांधला नाही. काठचे शेतकरी दर साली आपापल्या शेताचा धुरा वीतभर पुढं सरकवीत गेले, आणि नदीचा नाला झाला. कुणी एकानं नदी मारली नव्हती, थोडी थोडी सगळ्यांनीच खाल्ली होती.

आणखी एक गोष्ट सोनाजी सांगायचा, पण ती घरातच. वरचा घाट गावाचा. त्याच्या खाली गुरं, गुरांच्या खाली धुणं, आणि सगळ्यांच्या शेवटी जो डोह, तो आपल्या लोकांचा. छप्पन सालानंतर बौद्धवाड्यानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, पण पाण्याची ती उतरंड तशीच राहिली होती.

लहानपणी सोनाजी बापाबरोबर दर चैत्रात नदीतले झरे मोकळे करायला जायचा. ते त्यांच्या घराकडंच काम होतं. झऱ्यांची तोंडं कुठं आहेत हे त्याच्या हातांना माहीत होतं. म्हणून काम सुरू झालं तेव्हा जनकाबाई अमृतरावांना म्हणाली, की नुसता गाळ उपसून भागणार नाही, मामांना नेऊ. चार गड्यांनी सोनाजीला बाजेवर बसवून नदीत नेलं. कामावरचा ओव्हरसीयर छत्रीखाली उभा राहून हसत होता. सोनाजी बाजेवरून उतरला, काठाच्या खडकावर तळहात फिरवत फिरवत चालू लागला, आणि एका जागी थांबून म्हणाला, इथं. तिथं कमरेइतकं खणल्यावर माती ओली लागली. छातीइतकं खणल्यावर पाण्याचं बोटाएवढं तोंड उघडलं. ओव्हरसीयरनं छत्री मिटली.

आठ दिवसांत सोनाजीनं सहा झरे दाखवले. त्यानंतर एके सकाळी जनकाबाई त्याला चहा द्यायला गेली, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "सातवा हाय. आपल्या डोहात. सगळ्यात मोठा त्योच. पण त्यो दाखवायचा न्हाई."

"काहून मामा?"

"माह्या बापानं सांगितलं होतं. सहा त्यांचे, एक आपला. त्यो दबून हाय तंवर आपला हाय."

जनकाबाईला ते पटलं नाही. जग बदललं आहे असं ती म्हणाली. अमृतराव रोज आपल्याबरोबर चिखलात उभे राहतात. कालच त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की नदी जिवंत झाली तर खालचा डोह बौद्धवाड्याकडंच राहील, उलट तिथं पायऱ्या बांधून देऊ. पाच वर्षांपूर्वी कुण्या पाटलानं असं म्हटलं असतं का? सोनाजीनं चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

तिच्या विश्वासाला कारण होतं. त्याच आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, अमृतराव बायकांच्या टोळीजवळ येऊन दगडावर टेकले होते. त्यांचा डबा आला नव्हता. जनकाबाईनं रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर सोडली होती, वर मिरचीचा ठेचा. त्यांनी हात पुढं केला. चाळीस-पन्नास माणसांसमोर त्यांनी तिच्या हातची अर्धी भाकर खाल्ली, आणि ठेचा तिखट लागला म्हणून डोळ्यांतलं पाणी पुसलं. वरच्या आळीतल्या दोघांनी माना फिरवल्या, ते त्यांनी पाहिलं आणि तरी खात राहिले. त्या दिवशी टोळीतल्या बायकांनी संध्याकाळपर्यंत दुप्पट टोपली टाकली.

दोन दिवस जनकाबाई सोनाजीच्या मागं लागली. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि काठी चाचपत म्हणाला, "तू म्हनतीस म्हणून."

खालच्या डोहात त्यांनी दीड पुरुष खोल खणलं. मग एक मोठा काळा धोंडा लागला. तो पहारीनं हलवल्याबरोबर पाणी असं उसळलं की खालचे दोघे गडी वर यायच्या आत कमरेपर्यंत भिजले. गावभर बातमी गेली. वरच्या आळीतली माणसं बौद्धवाड्याच्या डोहाकडं पहिल्यांदाच चालत आली. अमृतराव ओंजळ भरून पाणी प्यायले आणि त्यांनी सोनाजीच्या खांद्यावर हात ठेवला. जनकाबाईला रडू आलं. सासऱ्याला ती म्हणाली, की बघा मामा. त्याला दिसत नव्हतं हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

फुटलेला बांध इनायत मिस्त्रीनं पुन्हा उभा केला. इनायतचं घर गावात चार पिढ्यांचं. जुने चिरे गाळाखालून शोधून काढून तो एकेकाला हातानं थोपटत बसवायचा. त्याची बायको मदीनाबी चुना कालवायची. मृगाच्या आत बांध पुरा झाला. त्या वर्षी पाऊस पडला, आणि सरवडी वाहिली. दिवाळीला वाहिली, संक्रांतीला वाहिली, शिमग्याला बारीक का होईना पण वाहत होती. खालचा डोह तर चैत्रातही तुडुंब होता. बौद्धवाड्यातल्या बायका घागर बुडवताना एकमेकींकडं बघून उगाच हसायच्या. हिंगोलीहून साहेब लोक नदी बघायला आले. त्यांच्यापुढं अमृतरावांनी जनकाबाईला उभं केलं आणि नदी या बाईची आहे असं सांगितलं.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यानंतर पंचायतीची एक बैठक झाली. दिवाबत्ती, शाळेची कौलं, आणखी काही असे विषय होते. बैठक उठता उठता ग्रामसेवकानं प्रोसिडिंगचं बुक पुढं केलं. खालचं अर्धं पान कोरं होतं. अमृतराव म्हणाले, की मजकूर नंतर उतरवून घेतील, ग्रामसेवकाला हिंगोलीची गाडी गाठायची आहे. "डोहाच्या पायऱ्यांचं बी त्यातच घेतलंय," असंही ते म्हणाले. जनकाबाईनं लेखणी घेतली आणि सावकाश, अक्षरावर अक्षर ठेवत, सही केली. सही करताना तिला नेहमीच बरं वाटायचं.

पौष महिन्यात एका सकाळी इनायत मिस्त्री बौद्धवाड्यात आला. तो दारात उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. त्यानं विचारलं, की बाई, खालच्या डोहावर इंजिन बसवायला चौथरा बांधायचा आहे, तुम्हांला ठाऊक आहे ना? जनकाबाईला वाटलं तो पायऱ्यांबद्दल बोलतोय. इनायतनं नाही म्हणून मान हलवली. अमृतरावांच्या पुतण्यानं नवं तेलाचं इंजिन आणलं होतं. डोहातून पाइप टाकून पाणी वरच्या बरडीवर न्यायचं होतं, तिथं उसाचं बेणं लावायचं ठरलं होतं. पंचायतीनं तसा ठराव केला होता.

"मी म्हनलं, त्या डोहावर कसं काय? तर त्यांनी बुक दाखवलं," इनायत म्हणाला. "तुमची सही हाय त्याच्यावर. म्हणून इचारायला आलो. तुमी कबूल असाल तर मी बांधतो, न्हाईतर मला जमनार न्हाई."

जनकाबाई चुलीपुढं बसली होती. चुलीवरचं कालवण उतू गेलं तेव्हा इनायतनंच पुढं होऊन भांडं उतरवलं. आपण काय वाचलं होतं ते ती आठवू लागली. आपण वाचलंच नव्हतं.

ती तशीच उठून अमृतरावांच्या घरी गेली. ते ओसरीवर बसून बेण्याच्या मोळ्या मोजून घेत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितला. त्यांची बायको नीलाबाई दारात येऊन उभी राहिली. अमृतराव काही लपवत नव्हते, हेच जनकाबाईला पुढं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. ते शांतपणे समजावत होते. कारखाना निघणार आहे, तालुक्यात ऊस होणार आहे, पुतण्याला मार्गी लावलं पाहिजे. सातव्या झऱ्याचं पाणी बौद्धवाड्याला पुरून उरतं, आणि उरलेलं खाली कयाधू नदीला वाहून जातं. ते वाया कशाला घालवायचं? एक इंजिन बसल्यानं डोह काही आटत नाही.

"शब्द दिला होता तुमी," जनकाबाई म्हणाली.

"डोह तुमचाच हाय की. मी कुठं नेऊन राहिलो?"

"मग सही कोऱ्या पानावर काहून घेतली?"

मोळ्या लावणाऱ्या गड्याला अमृतरावांनी हातानंच जायला सांगितलं. मग म्हणाले, "आधी इचारलं असतं तर तुमी वाड्यात इचारलं असतं. वाड्यात चार डोकी, चार बोलणी. वर्ष गेलं असतं. मला वाटलं, जनकाबाईचा माझ्यावर भरवसा हाय."

तिनं चहाला हात लावला नाही. परतताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, ती दुपारची भाकर. त्यांनी ती मनापासून खाल्ली होती की तेव्हाच हिशेब धरून खाल्ली होती, हे तिला ठरवता येईना. हिशेब धरून खाल्ली असती तर सोपं होतं, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिनं पाहिलं होतं. मनापासून खाल्लेली असूनही माणूस असं करू शकतो, हे तिच्यानं गिळवेना.

घरी येऊन तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं. सोनाजी भिंतीला टेकून ऐकत होता. तिला वाटलं, तो म्हणेल, मी सांगितलं होतं. तो तसं म्हणाला नाही. काठी बाजूला ठेवून म्हणाला, "झाकलेलं दाखवता येतं, जनका. दाखवलेलं परत झाकता येत न्हाई." आणि तोंड भिंतीकडं करून निजला.

इनायतनं काम नाकारलं. अमृतरावांनी कनेरगाव नाक्याहून दुसरा गवंडी आणला. चार दिवसांत चौथरा झाला, इंजिन बसलं, आणि डोहात पाइप सुटला. पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी असते, तिला सगळे फुटबॉल म्हणायचे. तो फुटबॉल सोनाजीच्या झऱ्याच्या बरोब्बर तोंडावर टाकला होता. तीन दिवसांत डोहाचं पाणी दोन हात खाली गेलं. काठाजवळ चिखल उघडा पडला, आणि बायकांना घागर भरायला गुडघाभर गाळात शिरावं लागू लागलं.

बौद्धवाड्यात कुणी भांडलं नाही. जनकाबाई पाण्याला निघाली की आधी शेजारणी हाक मारायच्या, आता त्या पुढं निघून जायच्या. डोहावर ती गेली की बोलणी थांबायची. पाचव्या दिवशी तिनं कमलबाईला वाटेत गाठलं. कमलबाई तिच्याच टोळीत होती, खणताना तिच्या शेजारी उभी असायची. जनकाबाई म्हणाली, मलाही फसवलं आहे, मला ठाऊक नव्हतं. कमलबाईनं डोक्यावरची घागर उतरवली नाही, तशीच उभी राहून बोलली.

"त्यानं तुला फसवलं असंल. आमी त्याच्यावर कुठं इसंबलो होतो? आमी तुह्यावर इसंबलो होतो."

एवढं बोलून ती गेली. जनकाबाई वाटेवरच्या बाभळीला धरून उभी राहिली. म्हातारा जे एका जन्मभर सांभाळून होता, ते तिनं दोन दिवसांत त्याच्याकडून काढून घेतलं होतं, आणि एका सहीत देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करायला पुतण्या आला, तेव्हा जनकाबाई डोहात बसलेली होती. फुटबॉलच्या वर, छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी पाइप धरून. पौषातलं पाणी. तिचे ओठ काळे पडले होते. पुतण्यानं बाहेर या म्हटलं. तिनं तोंड वळवलं नाही. हँडल मारायचा त्याला धीर होईना, म्हणून तो काकाला बोलवायला गेला.

अमृतराव आले. काठावर उकिडवे बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. आजारी पडाल, लोक काय म्हणतील, आपण दोघांनी मिळून ही नदी काढली, तिच्यात असं बसणं तुम्हांला शोभतं का. जनकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, आता माह्याशी असं गोड बोलू नका. त्यानं जास्ती थंडी वाजते."

ते उठून गेले.

दुपारी उन्हं डोहावर आली तेव्हा कमलबाई घागर घेऊन आली. तिनं घागर काठावर ठेवली, लुगड्याचा ओचा खोचला आणि पाण्यात उतरून जनकाबाईच्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत अकरा बायका झाल्या. पाळ्या लावून त्या तीन दिवस बसल्या. मदीनाबी काठावर शेकोटी पेटवून बसायची, आणि बाहेर येणाऱ्या बाईच्या पायांना गरम राखेनं शेक द्यायची. चौथ्या दिवशी हिंगोलीहून नायब तहसीलदार आले. त्यांनी बुक मागवलं, ठराव वाचला, जनकाबाईला विचारलं की ही सही तुमची का.

"सही माझी हाय," ती म्हणाली. "वरचं लिहिलेलं माझं न्हाई."

तहसीलदार म्हणाले, की कायद्यानं त्याला काही अर्थ नाही, सही म्हणजे सही. ठराव रद्द होणार नाही. पण पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे, तेव्हा दर साली संक्रांतीपासून पाऊस लागेपर्यंत इंजिन बंद ठेवावं. तसं त्यांनी लिहून दिलं. या खेपेला जनकाबाईनं ते एकेक अक्षर लावत वाचून घेतलं. साहेबाची जीप चालू होती, तरी तिनं घाई केली नाही.

अमृतरावांनी तो हुकूम पाळला. बौद्धवाड्याला वाटलं जिंकलो. बायका तिला पुन्हा पाण्याला हाका मारू लागल्या. पण सोनाजी एकदाही डोहाकडं ने म्हणाला नाही. त्या पावसाळ्याच्या आधीच तो गेला. शेवटच्या दिवसांत तो सुनेशी बोलायचा, जेवण मागायचा, औषध घ्यायचा. फक्त नदीचं नाव काढत नसे, आणि तिनं काढलं तर ऐकू न आल्यासारखं करायचा.

पुढच्या दिवाळीनंतर अमृतरावांच्या माणसांनी डोहापासून तीस पावलांवर, त्यांच्या स्वतःच्या शेतात, विहीर खणायला घेतली. ती त्यांची जमीन होती. तिच्यात कुणाला काही बोलता येत नव्हतं. बारा हातांवर खडक लागला, सुरुंग लावला, आणि आडवं पाणी लागलं. ते पाणी कुठून आलं हे कळायला कुणा जाणकाराची गरज नव्हती. इंजिन तिथं नेलं. ते संक्रांतीला चाललं, माघात चाललं, आणि फाल्गुनात डोहाचा तळ दिसू लागला. सातव्या झऱ्याच्या तोंडाशी थोडी ओल तेवढी राहिली, तिच्यावर चिमण्या बसायच्या.

बौद्धवाड्यातली तरणी माणसं म्हणाली, की पुन्हा बसू. पण कशात बसायचं? दुसऱ्याच्या विहिरीत? त्यातून शहात्तर साल होतं, आणीबाणी होती. पाच माणसं एका जागी उभी दिसली तरी फौजदार नाव विचारायचा. जनकाबाई हिंगोलीला जाऊन आली. साहेब बदलला होता. नव्या साहेबानं तिचा कागद वाचला आणि सांगितलं, की या हुकमात नदीवरचं इंजिन लिहिलं आहे, विहिरीवरचं नाही. पुढं तो भला माणूस आपणहून म्हणाला, की नदी तर वाहते आहे ना, वरच्या बांधापाशी पाणी आहे ना, मग तिथून भरा. तिथं तुम्हांला अडवायचा कुणाला हक्क नाही.

ती गाडीत बसून परत आली. वाटेत तिला आठवलं, की इतक्या वर्षांत वरच्या घाटावर आपण गाळाचं टोपलं घेऊन शंभरदा गेलो, घागर घेऊन एकदाही नाही. खालचा डोह आपला असल्याचा इतका आनंद होता, की वरचं पाणीही आपलंच आहे हे मागायचं राहून गेलं होतं. अमृतरावांनी शब्द दिला तोही खालच्याच डोहाचा दिला होता, आणि तिला त्यात काही उणं दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन नदीच्या काठाकाठानं वर चालू लागली. मागून कमलबाई आली, तिच्यामागून आणखी चौघी. धुण्याची जागा ओलांडली, गुरांची ओलांडली. इनायतच्या बांधामागं पाणी निवळशंख होतं. घाटावर वरच्या आळीतल्या सात-आठ बायका होत्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं आपल्या घागरी उचलून बाजूला नेल्या. एक जण म्हणाली, की आमचं होऊ द्या मग भरा. जनकाबाई थांबली नाही. ती घोट्याभर पाण्यात उतरली, घागर आडवी केली आणि भरू दिली. कुणी हात धरला नाही. मागच्या चौघी अजून काठावर घुटमळत होत्या, त्यांना कमलबाईनं डोळ्यानं खुणावलं.

घाटाच्या कडेला नीलाबाई उभी होती. ती पुढं आली. तिनं आपली घागर पायरीवरून सरकवली आणि जनकाबाईला घागर टेकवायला जागा करून दिली. हळूच म्हणाली, की सोनाजीबुवांच्या मातीला यायचं होतं, घरच्यांनी येऊ दिलं नाही, पुष्कळ दिवस सांगीन म्हणत होते.

तिचा आवाज खरा वाटत होता. नवऱ्याच्या ओसरीवर तिनं चहा आणून ठेवला होता तेव्हाही तिचा चेहरा असाच पडलेला होता, हे जनकाबाईला आठवलं. आधीची जनकाबाई असती तर तिथंच बसून दोन गोष्टी बोलली असती, म्हाताऱ्यानं शेवटी काय खाल्लं, कसा गेला, सगळं सांगितलं असतं.

तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली. नीलाबाईची माया खरी की खोटी हे तपासायचा तिला आता कंटाळा आला होता. तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचं तर ती विसरूनच गेली होती. कमलबाईनं घागर उचलायला हात लावला. जनकाबाईनं ती डोक्यावर घेतली आणि नीलाबाईकडं न बघता चढ चढू लागली.